खारट काकू आणि एकघास साहेब

१

परीक्षकांनी घास तोंडात घातला, एकदा चावला, आणि पुढे चावण्याचा बेत रद्द केला. त्यांचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे झाले. समोर कॅमेरे चालू होते, मागे प्रेक्षक श्वास रोखून बसले होते. परीक्षकांनी शेजारी उभ्या असलेल्या सूत्रसंचालिकेच्या हातातला रेशमी रुमाल हिसकावून घेतला आणि सगळा घास त्यात काढला.

"मीठ!" ते ओरडले. "हा केक आहे की समुद्र?"

'भट्टी जमली' या टीव्हीवरच्या केक-स्पर्धेची ती अंतिम फेरी होती. ज्यांचा केक रुमालात गेला त्या काकू ओट्यामागे उभ्या राहून ॲप्रनला हात पुसत होत्या, हाताला काही लागलेलं नसताना. काकूंचा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला होता. आता डोळे दगा द्यायला लागले होते. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागायची. स्पर्धा जिंकणाऱ्याला चॅनेल बाजारपेठेत केकचं छोटं दुकान थाटून देणार होतं, आणि काकूंनी मनातल्या मनात त्या दुकानाच्या पडद्यांचं कापडसुद्धा निवडून ठेवलं होतं.

दिग्दर्शकाने 'कट' म्हटलं नाही. उलट तो खुर्चीतून उठला आणि कॅमेरावाल्याला खुणा करत राहिला, जवळ जा, अजून जवळ जा, डोळे घे. काकूंच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

"कट! सोनं आहे, सोनं! संध्याकाळच्या बातम्यांआधी याची जाहिरात सोडायची. नावही सुचलंय मला. 'खारट काकू'!"

युनिटमधले चारदोन जण हसले. काकू मटकन खाली बसल्या. ज्या बाईला सगळा देश खारट काकू म्हणणार, तिच्या दुकानात केक घ्यायला कोण येणार होतं? दुकान तर गेलंच होतं, पण उद्या शेजारपाजारीसुद्धा तिच्या हातचा केक खाणार नव्हते.

कोपऱ्यात मॉनिटरसमोर बसलेल्या एक बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या हातातल्या फोनवरचा एक फोटो मोठा करकरून बघत होत्या.

२

त्यांना सगळे ताळमेळताई म्हणत. एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळतंय की नाही हे बघणं त्यांचं काम. पाहुणा डाव्या हाताने कप उचलतो आणि पुढच्याच शॉटला तो उजव्या हातात असतो, असं झालं की ताई हात वर करत आणि सगळ्या युनिटच्या कपाळाला आठ्या पडत. प्रत्येक शॉटआधी आणि शॉटनंतर त्या फोटो काढून ठेवत. ही खोड घरीही सुटत नव्हती. बिस्किटांचा डबा किती रिकामा झाला यावरून नवरा दुपारी झोपला होता की नव्हता हे त्या सांगू शकत, आणि सांगतही. नवरा बिचारा घरात चोरासारखा राहायचा.

काकूंचं त्यांना फार वाईट वाटत होतं. गेल्या आठवड्यात ताईंच्या पर्सचा पट्टा तुटला, तेव्हा काकूंनी तो नुसता बोटांनी चाचपत इतका छान शिवून दिला होता की शिवण कुठे आहे ते ताईंनाही शोधावं लागलं.

"काकू, साखर कुठून घेतलीत?"

"कुठून म्हणजे? ही काय, समोरची बरणी." काकूंनी ओट्यावरच्या काचेच्या बरणीकडे बोट दाखवलं. 'साखर' असं तिच्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं. आत बारीक पांढरं काहीतरी होतं.

दिग्दर्शकाने पुढे होऊन त्यात बोट बुडवलं, चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "मीठच आहे. कुणीतरी काकूंच्या बरणीत मीठ भरलंय! घातपात! अरे कॅमेरा चालू करा कुणीतरी!"

"पण काकू, पीठ कालवताना चाखून नाही बघितलंत?" ताईंनी विचारलं.

"कशी बघू? यांनीच बंदी घातलीय ना!" काकूंनी दिग्दर्शकाकडे बघितलं. पहिल्याच भागात काकूंनी बोटाने पीठ चाटलं होतं आणि प्रेक्षकांनी चॅनेलला फोन करकरून उच्छाद मांडला होता. तेव्हापासून सेटवर बोट चाटायला बंदी होती. बिनचाखता केक करणं म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं, असं काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या.

"दिग्दर्शकसाहेब, संध्याकाळपर्यंत मला जरा चौकशी करू द्या," ताई म्हणाल्या. "आणि सापडलं काय झालंय ते, तर ती जाहिरात जायची नाही."

"करा की! गुन्हेगार सापडला तर त्याचीही जाहिरात करू." दिग्दर्शक हात चोळत म्हणाला. "आणि हो, तुमचा मघापासून काय घोषा चाललाय, दुसऱ्या स्पर्धकाचा, मास्तरांचा केक जुळत नाही म्हणून?"

"जेवायच्या सुट्टीआधी मास्तरांच्या केकला वरून मधोमध भेग होती. सुट्टीनंतर परीक्षकांपुढे आला तो अगदी गुळगुळीत."

"मग बरंच आहे की. त्यालाही जरा विश्रांती मिळाली असेल."

युनिट पुन्हा हसलं. ताईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि त्या सरळ ज्याचा सगळ्यात जास्त फायदा होणार होता त्याच्याकडे वळल्या. म्हणजे दिग्दर्शकाकडेच.

३

"मीठ तुम्हीच भरलंत का?" ताईंनी आडपडदा ठेवला नाही.

दिग्दर्शक हरखला. "तुम्हाला असं वाटतंय? खरंच? म्हणजे लोकांनाही वाटेल! वर्तमानपत्रात येईल!" मग त्याचा चेहरा पडला. "नाही हो. मला सुचलंच नाही. सुचायला हवं होतं. सकाळपासून मी या नव्या ओट्यांच्या मागे होतो."

नव्या ओट्यांचं त्याला भारी कौतुक होतं. आधीचे ओटे लाकडी होते, त्यांना खाली खण होते. अंतिम फेरीसाठी दिग्दर्शकाने सगळे काचेचे करून घेतले होते. आरपार दिसणारे, खालून दिवे असलेले. "खण नाहीत, कोपरे नाहीत, सगळं स्वच्छ! तुम्हाला दिसतंय ना, काकू रडताना खालूनही उजेड येत होता?"

ताईंनी त्याला तिथेच सोडलं. ज्याला आपण केलं नाही याचं इतकं दुःख होतं, त्याने ते केलेलं नसणार.

परीक्षक कपडे बदलायच्या खोलीत चुळा भरत बसले होते. हे एका बड्या हॉटेलातले मोठे शेफ. युनिटमध्ये त्यांना पाठीमागे 'एकघास साहेब' म्हणत, कारण कितीही चांगला केक असला तरी साहेब एकच घास घेत, मान हलवत आणि बशी बाजूला सारत. अख्ख्या मोसमात त्यांनी दुसरा घास कधी घेतला नव्हता.

"माझ्यावर संशय?" साहेब गरजले. "बाई, स्वतःच्या तोंडात जाणार असलेल्या पदार्थात मीठ कोण ओतेल? आधीच या सेटवर मी काय काय सोसलंय! पहिल्या आठवड्यात मुंग्या माझ्या मिशीपर्यंत चढल्या होत्या. बरण्यांना मुंग्या, टेबलाला मुंग्या, माझ्या बुटात मुंग्या. तेव्हाच मी हा कार्यक्रम सोडणार होतो. मग त्या सामानवाल्या मामांनी काय जादू केली देव जाणे, एका दिवसात सगळ्या गायब."

"मास्तरांचा केक कसा होता?"

साहेबांचा चेहरा जरा मवाळ झाला. "उत्तम. खोटं कशाला बोलू, दुसरा घास घ्यावासा वाटला होता. पण आपली एक शिस्त असते."

सामानमामा सापडले ते गोदामात, एका रिकाम्या खोक्यावर. सेटवरच्या चमच्यापासून सोफ्यापर्यंत सगळं ठेवणं-उचलणं मामांकडे. एरवी बोलून बोलून कान किटवणारे मामा आज घामाने निथळत होते.

"मामा, बरण्या कुणी भरल्या?"

"मीच. नेहमी मीच भरतो ना."

"आज काही वेगळं केलंत?"

"अजिबात नाही!" मामा ताडकन उभे राहिले. "देवाशप्पथ सांगतो ताई, नेहमीसारख्याच भरल्या. सूतभरसुद्धा फरक केला नाही. माझी नोकरी घालवू नका हो. घरी मुलीचं लग्न ठरतंय."

"तुमच्यावर आरोप कोण करतंय?"

"अजून कोणी नाही," मामा म्हणाले आणि पुन्हा खोक्यावर बसले. मग ताई दाराबाहेर पडताना मागून हळूच म्हणाले, "पण करतील."

४

दुसरे अंतिम स्पर्धक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सेटवर सगळे त्यांना मास्तर म्हणत. पांढरे केस, ताठ मान, आणि अंडं फोडतानासुद्धा पोरांना उदाहरण समजावून सांगतोय असा आवाज. जन्मभर त्यांनी परीक्षेत कॉप्या पकडल्या होत्या आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

ताई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत आपल्या बायकोशेजारी बसले होते. मास्तरीणबाई नवऱ्याच्या प्रत्येक फेरीला येत असत. आज मांडीवर एक भली मोठी कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"मास्तर, तुम्ही साखर कुठून घेतलीत?"

"माझ्या ओट्यावरच्या बरणीतून. मोजून, सपाट, वर डोंगर न ठेवता." मास्तर उठून उभे राहिले. "तुमच्या प्रश्नाचा रोख माझ्या लक्षात आला. काकूंच्या बरणीला मी हात लावलेला नाही. मला जिंकायचं होतं, पण असं नाही. ही बाई माझ्यापेक्षा चांगला केक करते, हे मी घरी रोज म्हणतो. विचारा हिला."

"म्हणतात," मास्तरीणबाई पुटपुटल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"तुम्हाला काय झालं?"

"काही नाही. त्या काकूंचं वाईट वाटतंय." बाईंनी पिशवी आणखी जवळ ओढली.

"पिशवी खाली ठेवा ना, जड दिसतेय."

"नको! म्हणजे, असू दे. डबा आहे यांचा."

"डब्याचं सोडा," मास्तर म्हणाले. "आज ही डबा घेऊन आली ते मला ठाऊकही नव्हतं. मी कॅन्टीनमध्ये जेवलो. सुट्टीत हिला शोधतोय तर ही सेटच्या मागे, केक निवायला ठेवलेत तिथे. म्हणाली, बघत होते. महिनाभर घरी मी त्याच केकचा सराव केला, हिच्याच भांड्यात, हिच्याच पद्धतीने. घरातलं पीठ आणि हिचा संयम दोन्ही संपवलं. तरी हिला अजून बघावासा वाटला म्हणजे कमाल आहे."

मास्तर स्वतःशीच खूश होऊन हसले. मास्तरीणबाई हसल्या नाहीत.

ताई परत सेटवर आल्या. दिवे अर्धे मालवलेले होते. काकू आपल्या ओट्यामागे तशाच बसून होत्या. एडिटिंगच्या खोलीतून दिग्दर्शकाचा आवाज येत होता. "अजून मोठं अक्षर! खारट मोठं, काकू छोटं!"

ताईंनी आपल्या फोनमधले फोटो चाळले. मास्तरांची साखरेची बरणी, फेरीआधी काठोकाठ भरलेली. फेरीनंतर, चांगलीच उतरलेली. म्हणजे मास्तर खरं बोलत होते. त्यांनी त्याच बरणीतून घेतलं होतं. काकूंची बरणीही तशीच उतरलेली. दोघेही खरं बोलत होते, आणि केक एक गोड, एक खारट. ताईंचं डोकं पिकून गेलं.

त्या मास्तरांच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आणि तिथे त्यांना मुंग्या दिसल्या.

५

बारीक, काळ्या, शिस्तीत चाललेल्या. काचेच्या ओट्याच्या कडेवरून वर आलेली रांग ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला निघाली होती. तिथे सूत्रसंचालिकेने अर्धा चहा टाकून दिला होता. कपाच्या बुडाशी गोड थेंब सुकला होता आणि त्याभोवती मुंग्यांची झुंबड उडाली होती.

ताई बघत राहिल्या. रांग मास्तरांच्या साखरेच्या बरणीला अगदी खेटून जात होती. बरणीचं झाकण उघडंच होतं. ओट्यावर बरणीतली पांढरी पूड सांडलेलीही होती. मुंग्या त्या सांडलेल्या पुडीपाशी आल्या की वळसा घालत, आणि पुढे चहाकडे जात.

एका थेंबासाठी एवढी पायपीट करणाऱ्या मुंग्या उघड्या साखरेच्या बरणीकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. सेटवर बोट चाटायला बंदी होती. त्यांनी बंदी मोडली. मास्तरांच्या बरणीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मीठ.

"मामा!" ताईंचा आवाज सेटभर घुमला. "सगळ्यांना बोलवा! आणि दिग्दर्शकांना सांगा, तो संगणक बंद करा म्हणावं!"

६

सगळे जमले. दिग्दर्शक कुरकुरत आला, एकघास साहेब तोंडात पुदिन्याची गोळी धरून आले, मास्तर ताठ मानेने आणि मास्तरीणबाई पिशवीसकट आल्या. काकूंना कुणीतरी खुर्ची दिली.

"मघापासून सगळे एकच विचारतायत," ताई म्हणाल्या. "काकूंचा केक खारट कसा झाला? त्याचं उत्तर सोपं आहे. बरणीत मीठ होतं म्हणून. पण मीठ काकूंच्या एकट्यांच्या बरणीत नव्हतं. मास्तरांच्या बरणीतही मीठच आहे. चाखा हवं तर."

दिग्दर्शकाने चाखलं. साहेबांनी नकार दिला.

"मामा, आता सांगा. कुणी काही करणार नाही तुम्हाला."

मामांनी घाम पुसला. "ताई, पहिल्या आठवड्यात मुंग्यांनी उच्छाद मांडला होता. म्हणून मी ओट्यावरच्या साखरेच्या सगळ्या दिखाऊ बरण्यांत मीठ भरलं. दिसायला सारखंच. खरी साखर खालच्या खणात ठेवायचो, ते स्पर्धकांना माहीत होतं. वरच्या बरणीला कुणी हातच लावत नव्हतं. आजही नेहमीसारख्याच भरल्या. पण आज खणच नाहीत! खऱ्या साखरेचं ताट मी ओट्याशेजारी आणून ठेवलं, तर दिग्दर्शकसाहेब म्हणाले, हे कुरूप ताट माझ्या काचेतून आरपार दिसतंय, उचल इथून. मी सोफ्यामागे ठेवलं. सांगणार होतो दोघांना, पण तेवढ्यात 'ॲक्शन' झालं, आणि 'ॲक्शन'नंतर तोंड उघडलं तर हे ओरडतात."

सगळ्यांच्या नजरा दिग्दर्शकाकडे वळल्या. तो पहिल्यांदाच कुणी बघू नये अशा जागेच्या शोधात दिसला.

"म्हणजे घातपात नाहीच?" तो खिन्नपणे म्हणाला.

"नाही. पण कोडं आहे," ताई म्हणाल्या. "दोन्ही बरण्यांत मीठ, दोघांनीही त्यातूनच घेतलं. मग काकूंचा केक खारट झाला यात नवल काय? नवल हे, की मास्तरांचा गोड कसा?"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हाला म्हणायचंय काय? मी? मी उभ्या आयुष्यात—"

"तुम्ही काही केलं नाहीत, मास्तर. तुम्ही केलेल्या केकला भेग होती. साहेबांनी खाल्लेल्या केकला नव्हती. भेग पडलेला केक निवता निवता भरून येत नाही. म्हणजे साहेबांनी खाल्ला तो केक तुमचा नव्हताच. तुमच्यासारखाच, त्याच आकाराच्या भांड्यातला, त्याच पद्धतीने केलेला. असा केक तुमच्याशिवाय आणखी एकाच व्यक्तीला करता येतो. सुट्टीत केकपाशी तीच होती, आणि ज्या डब्यातलं तुम्ही काही खाल्लं नाहीत तो डबा ती मघापासून मांडीवर घेऊन बसलीय."

 मास्तरीणबाईंनी हळूच पिशवी उघडली आणि डबा काढला. डब्यात एक केक होता. मधोमध भेग, आणि एका कडेचा छोटासा तुकडा मोडलेला.

"माझा केक मी युनिटला वाटायला आणला होता," बाई म्हणाल्या. "जिंकोत नाहीतर हरोत, सगळ्यांनी तोंड गोड करावं म्हणून. सुट्टीत यांचा केक बघायला गेले. कड जरा मोडलेली होती, चिमूटभर तोंडात टाकली. जहर! म्हटलं, म्हातारपणी हा माणूस अख्ख्या जगासमोर हसं करून घेणार. मला राहवलंच नाही. बदलून टाकला. मला काय माहीत बरणीतच मीठ आहे? मला वाटलं यांचाच वेंधळेपणा. घरी चहात दोनदा मीठ घातलंय यांनी. मग काकूंचाही खारट निघाला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण तेव्हा तोंड उघडलं असतं तर यांचं नाक कापलं गेलं असतं. आणि नाही उघडलं तर काकूंचं." त्या काकूंकडे वळल्या. "चुकले हो मी. पाया पडते तुमच्या."

"अहो, काय हे!" काकूंनी त्यांचा हात धरला. "माझ्या नवऱ्याचा असता तर मीही बदलला असता."

मास्तरांनी वाकून त्या भेगेकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं.

"पोरांच्या बाह्यांतून मी चिठ्ठ्या काढल्या," ते म्हणाले. "मोज्यांतून काढल्या. आणि माझ्या शेजारी बसलेली चिठ्ठी मला दिसली नाही. दिग्दर्शकमहाशय, मी या निकालातून माघार घेतो."

"थांबा, थांबा!" दिग्दर्शकाच्या अंगात पुन्हा जीव आला. "दोन्ही केक खारट! वर बायकोची अदलाबदल! अहो, हे तर अजून मोठं सोनं! 'खारट काकू, खारट मास्तर'!"

"जरूर करा," मास्तर म्हणाले. "पण मग पूर्ण गोष्ट सांगायची. खण कुणी काढले, ताट कुणी उचलायला लावलं, चाखायला बंदी कुणी घातली, सगळं. अर्धवट उत्तराला मी आजवर गुण दिलेले नाहीत."

"खारट दिग्दर्शक," मामा मागून म्हणाले, आणि लगेच एका खांबामागे गेले.

दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. "मग करायचं काय?"

"पुन्हा फेरी," ताई म्हणाल्या.

"रिॲलिटी शोमध्ये रिटेक? सत्याशी खेळ?"

अख्ख्या युनिटला एकदम खोकला आला. त्याच दिवशी सकाळी साहेबांची दारातून होणारी 'अचानक' एन्ट्री मनासारखी जमेपर्यंत पुन्हा पुन्हा घेतली होती, आणि शेवटी साहेब दमून दारातच बसले होते.

"घ्या मग," दिग्दर्शक हरल्या आवाजात म्हणाला.

७

मामांनी सोफ्यामागचं ताट आणलं. मुंग्या आधीच तिथे पोचल्या होत्या, त्यामुळे साखर खरी आहे याबद्दल कुणालाच शंका उरली नाही. मामांनी त्या झटकल्या आणि नव्या दोन बरण्या भरल्या.

काकूंनी पीठ कालवलं. कालवता कालवता त्या थांबल्या. कॅमेऱ्याकडे बघितलं, दिग्दर्शकाकडे बघितलं आणि मग शांतपणे पिठात बोट बुडवून चाटलं. दिग्दर्शकाने तोंड उघडलं. मास्तरांनी वर्गाच्या दारात उभं राहून बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं.

साहेबांनी मास्तरांचा केक खाल्ला. एक घास. मान हलवली. "ठीक. घरच्यांचा हात जास्त चांगला आहे." मास्तरीणबाई लाजल्या.

मग साहेबांपुढे काकूंचा केक आला. साहेबांनी आधी बाजूला पाण्याचा ग्लास ठेवून घेतला, मग घास घेतला. चावला. डोळे मिटले. काकूंनी दोन्ही हातांनी ॲप्रनचं टोक पिळून काढलं.

साहेबांनी डोळे उघडले, बशीकडे बघितलं आणि काटा पुन्हा केकमध्ये रोवला. दुसरा घास. मग कॅमेरा काकूंचा चेहरा घेत होता तेवढ्यात तिसरा. कुणी काही बोलण्याआधी बशीतला निम्मा केक नाहीसा झाला होता, आणि आपली शिस्त कुठे गेली हे साहेबांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"दुकान यांचं," साहेब तोंड भरलेलं असतानाच म्हणाले.

 काकू हसत होत्या आणि नाक पुसत होत्या, दोन्ही एकदमच. पहिली टाळी मास्तरांनी वाजवली.

"कट!" दिग्दर्शक मॉनिटरवर वाकला. "पण ताई, घोटाळा झाला. लांबच्या शॉटमध्ये बशीत एकच घास कमी आहे आणि जवळच्या शॉटमध्ये निम्मा केक गायब. जुळत नाही. साहेबांना नवीन तुकडा देऊन एकच घास पुन्हा खायला लावू?"

साहेबांनी बशी छातीशी धरली. काकूंनी श्वास रोखला.

ताईंनी मॉनिटरकडे पाहिलं. आंधळ्यालाही दिसावी अशी चूक होती. एवढी ढळढळीत चूक त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती.

"जुळतंय," त्या म्हणाल्या. "पुढे चला."

दिग्दर्शकाने जाहिरात सोडलीच, आणि नाव चिकटायचं ते चिकटलं. पण लोकांनी फेरी पूर्ण बघितली होती. काकूंचं दुकान उघडलं त्या दिवशी रांग बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेली. पाटीवर काकूंनी स्वतःच 'खारट काकू' लिहून घेतलं होतं. पडदे मात्र आधी मनात निवडलेल्याच कापडाचे होते. शेजारणीने सुईत दोरा ओवून दिला आणि शिवले काकूंनी.

काही महिन्यांनी चॅनेलने ती फेरी पुन्हा दाखवली. ताई आणि त्यांचा नवरा घरी टीव्हीसमोर बसले होते. मध्ये 'खारट काकू'कडून आणलेल्या बिस्किटांचा डबा होता. साहेबांनी केकचा घास घेतला, आणि नवरा एकदम पुढे सरकला.

"अगं, हे बघ! आत्ता तर एकच घास खाल्ला होता. निम्मा केक गेला कुठे? तू होतीस ना तिथे? तुझ्या नजरेतून हे सुटलं?"

एवढ्या वर्षांत बायकोची चूक पकडायची त्याची ही पहिलीच वेळ होती. आनंदाने त्याचा चेहरा उजळून निघाला होता.

"सुटलं," ताई म्हणाल्या. त्यांनी बिस्किटांचा डबा स्वतः उघडून त्याच्यापुढे सरकवला आणि आतली बिस्किटं मोजली नाहीत.